आधी ताट, मग तारू

क्रूझची जाहिरात एकदा निवांत वाचून पाहावी. जहाजाला मजले किती, पोहण्याचे तलाव किती, उपाहारगृहं किती, मुलांना खेळायला काय आहे, रात्रीचं नाचगाणं कुठे, हे सगळं तीत असतं. जहाज ज्या बेटाला लागणार तिथली माणसं दुपारी काय जेवतात, एवढंच तेवढं नसतं. गेल्या काही वर्षांत कोकणातल्या मध्यमवर्गीय घरांच्या सुट्टीच्या बेतात क्रूझ शिरली आहे. 2018 मध्ये ‘आंग्रिया’ मुंबई-गोवा धावू लागली, 2021 पासून ‘कॉर्डेलिया’चं जहाज मुंबईहून गोवा आणि लक्षद्वीपकडे प्रवासी नेऊ लागलं. सप्टेंबर 2024 मध्ये केंद्र सरकारने ‘क्रूझ भारत मिशन’ सुरू केलं आणि 2029 पर्यंत देशातले क्रूझप्रवासी दुप्पट करायचं ठरवलं. ज्यांची मुलं अमेरिकेत, त्यातही कॅलिफोर्नियाकडे, नोकरीला आहेत अशा चिपळूणकर आईवडिलांपुढे तर हवाई बेटांचा पर्यायही येतो. तिकडे गेलोच आहोत तर आठवडाभर बेटांवरून फिरून येऊ, असा. या बेतांना नाक मुरडण्याचं काही कारण नाही. माझं म्हणणं एवढंच, की उष्ण प्रदेशातल्या बेटांची कौटुंबिक सहल ठरवताना जहाज सगळ्यात शेवटी निवडावं. आधी जेवण पाहावं: कोणतं, कुणाच्या हातचं, आणि त्यातलं पीक आणि मासळी कुठल्या पाण्यावर वाढली. ही कसोटी हवाईला लावता येते तशी वाशिष्ठीच्या खाडीलाही लावता येते, आणि खाडीपर्यटनाची स्वप्नं रंगवणाऱ्या आपल्या पुढाऱ्यांच्या घोषणांना तर ती आधी लावायला हवी.

हवाईचं जेवण म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे अननस आणि फुलांच्या माळा येतात. प्रत्यक्षात त्या जेवणाचा कणा आहे अळू. आपल्याकडे मान पानांना. अळूवडी, फदफदं झालं की अळकुड्यांची फारशी विचारपूस होत नाही. हवाईत मात्र कंद हेच मुख्य अन्न. भाताच्या खाचरांसारख्या वाहत्या पाण्याच्या वाफ्यांत हे अळू वाढतं, त्याला तिथे ‘कालो’ म्हणतात. कंद वाफवायचा, दगडी बत्त्याने कुटायचा, पाणी घालून सैल करायचा, की झाली ‘पोई’. एकदोन दिवस ठेवली की ती आंबते, आणि जुन्या मंडळींना ती आंबलेलीच आवडते. आंबील पिणाऱ्यांना हे समजावून सांगायला नको. अळूच्या पानांत मांस किंवा मासळी गुंडाळून वाफवलं की ‘लाउलाउ’. कच्चं अळू घशाला खाजतं, कारण त्यात कॅल्शियम ऑक्झलेटच्या बारीक सुया असतात. आपण चिंच किंवा आमसूल घालतो, ते तासन्‌तास शिजवतात. नारळाच्या दुधाची थापून कापलेली ‘हाउपिया’, किसलेलं अळू आणि नारळ एकत्र भाजलेलं ‘कुलोलो’ हे गोडाचे प्रकार. मोठ्या जेवणासाठी जमिनीत खड्डा खणून तापलेल्या दगडांवर, केळीच्या खोडाचा ओलावा देत, सगळं झाकून शिजवायचं. या खड्ड्याला ‘इमू’ म्हणतात, आणि रायगडात थंडीत पोपटी लावणाऱ्याला त्यातली युक्ती लगेच ओळखू येईल.

अळू-नारळाचं हे साम्य योगायोगाचं नाही. पॅसिफिक महासागरातले दर्यावर्दी साधारण आठशे ते हजार वर्षांपूर्वी जोडहोड्यांतून या बेटांवर पोहोचले तेव्हा त्यांनी पेरायला, लावायला लागणारी रोपं बरोबर नेली होती. अळू, नारळ, केळी, ऊस, नीरफणस, हळद, उंडी, बारतोंडी ही त्यांतली काही. ही यादी हवाईच्या जुन्या होड्यांतली आहे हे सांगितलं नाही, तर गुहागरच्या एखाद्या आगरातली म्हणून खपेल. दक्षिण आणि आग्नेय आशियापासून न्यू गिनीपर्यंतच्या दमट पट्ट्यातली ही झाडं एका दिशेला आपल्या परसात आली आणि दुसऱ्या दिशेला बेटाबेटांवरून पार हवाईपर्यंत गेली. तिथल्या कथेत अळू माणसाचा थोरला भाऊ आहे: मृत जन्मलेलं पहिलं बाळ पुरलं, तिथे अळू उगवलं, आणि नंतर जन्मलेला हालोआ हा माणसांचा पूर्वज झाला. अन्नाशी इतकं रक्ताचं नातं सांगणाऱ्या लोकांनी जमीन आणि पाणीही तसंच वाटून घेतलं होतं. डोंगरमाथ्यापासून थेट समुद्राच्या खडकापर्यंतचा एकेक पट्टा एकेका समूहाकडे. वर जंगल, मध्ये अळूचे वाफे, खाली किनाऱ्याला दगडी बांध घालून केलेली मत्स्यतळी. त्या तळ्यांत मुख्यतः वाढवली जाणारी मासळी म्हणजे बोय, आपल्या खाड्यांतलीच. वाफ्यातून निघालेलं पाणी तळ्याला मिळे, म्हणून वरच्याने पाणी नासवलं तर खालच्याचं जेवण बुडे. अशी शेकडो मत्स्यतळी त्या बेटांवर होती.

मग ही व्यवस्था मोडली कशी, हे पाहिल्याशिवाय तिथल्या ‘पारंपरिक जेवणा’च्या जाहिरातीचा अर्थ लागत नाही. 1778 मध्ये कॅप्टन कुकची जहाजं तिथे पोहोचली. त्यांच्यामागून आलेल्या रोगांनी मूळ लोकसंख्या होरपळली, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उसाच्या मळ्यांनी बेटांचा ताबा घेतला. 1893 मध्ये हवाईच्या राणीला पदच्युत करण्यात मळेवाल्यांचा हात होता. 1898 मध्ये अमेरिकेने बेटं आपल्यात सामील करून घेतली. उसाला पाणी लागतं, आणि पाऊस बेटांच्या एकाच बाजूला धो धो पडतो. म्हणून मळेवाल्यांनी डोंगर फोडून, बोगदे काढून, ओल्या बाजूचे ओढे कोरड्या बाजूला वळवले. ओढे आटले तसे अळूचे वाफे सुकले. उरलेल्या ओल्या जमिनीत चिनी शेतकऱ्यांनी भात लावला, मळ्यांवर जपान, पोर्तुगाल, फिलिपिन्सहून मजूर आले, आणि त्यांच्या डब्यांतून आजचं भात, मांस आणि मॅकरोनीचं ताट तयार झालं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात डबाबंद मांस घरोघरी पोहोचलं. आज हवाईत खाल्ल्या जाणाऱ्या अन्नापैकी 85 ते 90 टक्के बाहेरून जहाजाने येतं, असा अंदाज खुद्द तिथल्या राज्य सरकारच्या कागदपत्रांत दिलेला आहे. बारमाही ऊन-पावसाच्या, जगातल्या सुपीक जमिनींपैकी काही ज्यांच्या वाट्याला आल्या, त्या बेटांची ही अवस्था.

यातून जे काही परत आलं ते पाण्यामुळे आलं. ओआहू बेटावर 1916 मध्ये पूर्ण झालेला वायआहोले कालवा वाऱ्याकडच्या बाजूचं पाणी डोंगरापलीकडच्या ऊसमळ्यांना देत असे. 1995 मध्ये तो साखर कारखाना बंद झाला, तेव्हा हे पाणी आता कुणाचं, असा प्रश्न उभा राहिला. अळू लावणाऱ्या शेतकऱ्यांनी ओढ्यांत पाणी परत सोडण्याची मागणी केली. जमिनींच्या विकासकांना ते आपल्याकडे हवं होतं. 2000 मध्ये हवाईच्या सर्वोच्च न्यायालयाने पाणी ही जनतेची विश्वस्त संपत्ती आहे हे तत्त्व ठामपणे मांडलं. पाण्याचा काही वाटा ओढ्यांकडे परतला, तसे वायआहोलेच्या खोऱ्यात वाफेही पुन्हा भरू लागले. पूर्व माउईच्या ओढ्यांचा लढाही असाच दीर्घकाळ चालला. हवाईचा शेवटचा मोठा ऊसमळा 2016 मध्ये बंद झाला. आज एखाद्या सामुदायिक वाफ्यावर शाळेची मुलं गुडघाभर चिखलात अळू लावताना दिसतात, शनिवारी ताजी कुटलेली पोई मिळते, मत्स्यतळ्यांचे बांध गावकरी पुन्हा रचताहेत. हवाईची खाद्यपरंपरा म्हणून पाहायला, चाखायला जे खरोखर उरलं आहे ते इथे आहे, आणि ते टिकलं ते पाककृती लिहून ठेवल्यामुळे कमी, ओढ्यात पाणी सोडायला भाग पाडल्यामुळे जास्त.

क्रूझच्या प्रवाशाला यातलं किती भेटतं? हवाईच्या बेटांमध्ये वर्षभर फिरणारं मोठं जहाज एकच, ‘प्राइड ऑफ अमेरिका’; होनोलुलूहून निघून सात दिवसांत चार बेटांना ते लागतं. परदेशी निशाणाच्या जहाजाला अमेरिकेतल्याच बंदरांदरम्यान प्रवासी वाहतूक करू न देणारा 1886 चा कायदा आहे, म्हणून बाकीची जहाजं बहुधा मुख्य भूमीच्या पश्चिम किनाऱ्यावरून येतात आणि जाताना आणि येताना प्रत्येकी चार-पाच दिवस उघड्या समुद्रात घालवतात. दोन हजार माणसांचा तीन वेळचा स्वयंपाक ठरल्या वेळी, ठरल्या चवीचा आणि आरोग्यतपासणीत पास होणारा हवा. खोऱ्यातल्या चार वाफ्यांतलं अळू या हिशेबात बसूच शकत नाही. त्यामुळे सामान मोठ्या पुरवठादाराकडून, कंटेनरमधून चढतं. जेवण तिकिटात धरलेलं असल्याने बंदरावर उतरलेला प्रवासी दुपारच्या जेवणाला जहाजावर परततो. पैसे भरलेत तर वाया कशाला घालवा, हा विचार अमेरिकन माणसालाही सुचतो आणि आपल्याला तर सुचतोच सुचतो. राहता राहिला संध्याकाळचा ‘लुआउ’: गळ्यात माळ, नाच, मशाली, आणि ताटाच्या कोपऱ्यात चमचाभर पोई. ती चमचाभर पोई चाखून ‘खळीसारखी लागते’ म्हणत प्रवासी बाजूला सारतो आणि बेटांची खाद्यपरंपरा आपल्याला कळली असं समजतो. फदफद्याचा एक चमचा, तोही भात आणि तुपाशिवाय, चाखून कुणी कोकणी जेवणावर मत दिलं तर आपल्याला कसं वाटेल?

इथे पहिला आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. घरातल्या म्हाताऱ्यांना, लहान मुलांना घेऊन रोज सामान बांधत हॉटेलं बदलणं जमत नाही. जहाजावर एकदा बॅग उघडली की झालं; डॉक्टर आहे, लिफ्ट आहे, शाकाहारी ताट मिळतं, कॉर्डेलियासारख्या जहाजावर जैन जेवणसुद्धा. गुडघे दुखणाऱ्या आजीला अळूच्या वाफ्यात उतरवण्याचा आग्रह धरणं हा शहाणपणा नव्हे. हे सगळं मान्य आहे. पण यातून निघतं ते इतकंच, की जहाज ही राहण्याची चांगली सोय आहे. राहण्याची सोय आणि सहलीचं कारण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जहाज घेतलंत तरी बंदरावरचे तास कसे घालवायचे हे कुटुंबाच्या हातात असतं. हिलोला उतरल्यावर फळबाजारात जाता येतं. काउआईला जहाज रात्रभर थांबतं, तेव्हा तिथल्या हनालेईच्या अळूवाफ्यांकडे गाडीने जाता येतं, आणि ते वाफे पाहायला चिखलात पाय घालावा लागत नाही. जहाजावरचं एक जेवण सोडून गावात स्थानिक माणसाच्या खानावळीत बसायचं, एवढं आधी ठरवलं तरी सहलीचा पोत बदलतो. शाकाहारी कुटुंबांना तर यात अडचण कमीच: पोई, नीरफणस, रताळी, केळी, कुलोलो, हाउपिया या सगळ्यांत मांसाचा संबंध नाही.

दुसरा आक्षेप परंपरेच्या नावाचा. अस्सल म्हणजे काय, असं कुणी विचारील. स्पॅमचा तुकडा बांधलेला भाताचा मुटका हवाईच्या आजच्या माणसाला पोईइतकाच आपला वाटतो. मग डबाबंद मांसाला नावं का ठेवावीत? प्रश्न रास्त आहे. 1819 पर्यंत हवाईत बायकांनी पुरुषांच्या पंगतीला बसायचं नाही, केळी, नारळ आणि डुकराचं मांस खायचं नाही असा कडक निषेध होता. त्या वर्षी तरुण राजा लिहोलिहो बायकांच्या पंगतीत जाऊन जेवला आणि तो नियम संपला. परंपरा मोडली म्हणून त्याबद्दल कुणी अश्रू ढाळत नाही, ढाळूही नयेत. आपल्याकडेही मिरची, काजू, बटाटा, अननस हे सारे पोर्तुगीज काळातले पाहुणे. ओल्या काजूची उसळ वगळून कोकणी जेवण अस्सल करायला कुणी धजणार नाही. ताट बदलतच राहतं. प्रश्न असतो तो ते बदलण्याचा अधिकार कुणाकडे आहे याचा. लिहोलिहोच्या पंगतीतला बदल जेवणाऱ्यांनी केला, मळ्यावरच्या मजुरांनीही आपापले डबे एकमेकांत वाटून नवं ताट घडवलं. ओढे वळवून अळू संपवणं हा मात्र जेवणाऱ्यांनी केलेला बदल नव्हता, आणि पर्यटकाला आवडेल तेवढंच ताटात ठेवणं हाही नव्हे.

आता वाशिष्ठीकडे येऊ, कारण चिपळूणकराच्या दाराशीच ही सगळी गोष्ट निराळ्या नावांनी चालू आहे. तिवऱ्याच्या सह्याद्रीत उगम पावून चिपळूणला भरतीच्या पाण्याला भेटणारी आणि सुमारे 40 किलोमीटरच्या खाडीने दाभोळपाशी समुद्राला मिळणारी ही नदी म्हणजे डोंगरापासून खडकापर्यंतचा एक सलग पट्टाच. दाभोळ हे बहमनी आणि आदिलशाही काळातलं नामांकित बंदर. पुढे मुंबईहून निघणाऱ्या कोकण बोटी हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी करत दक्षिणेला जात, आणि दाभोळला उतरलेला चिपळूणचा माणूस लहान लाँचने नाहीतर पडावाने खाडीतून गोवळकोटच्या धक्क्याला लागे. रस्ते झाले, 1998 मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली, आणि खाडीकडे पाठ फिरवून गाव हायवेकडे तोंड करून बसलं. कोयनेचं पाणी वीज निर्माण करून पोफळी-अलोऱ्याकडून या नदीत उतरतं. कृष्णा खोऱ्यातलं जास्तीत जास्त 67.5 टीएमसी पाणी असं पश्चिमेकडे वळवण्याची मुभा आहे. हवाईत पाणी वळवल्याने खोरी सुकली. इथे वळवलेल्या पाण्यामुळे वाशिष्ठी ऐन मे महिन्यातही वाहती राहते. मगरी पाहण्यासाठी गोवळकोट परिसरातून होड्या जाऊ लागल्या आहेत, थंडीत चिखलाच्या बेटांवर ऊन खात पडलेल्या मगरी सहज दिसतात. खाडीच्या दोन्ही अंगांना भोई, दालदी, खारवी, कुणबी वस्त्या आहेत. बोय, तांब, काळुंदर, कोलंबी, चिंबोऱ्या, मुळे ही इथली मासळी. परसात अळू, नीरफणस, केळी, हळद. माळावर कुळीथ, नाचणी. उष्ण प्रदेशातली कौटुंबिक जलसहल आणि जुन्या चालीचं जेवण हवं असेल, तर त्याचं सगळं सामान इथे आहे.

तरीही ही सहल आज जेमतेम अर्धवट होते. मगर पाहिली, फोटो काढला, होडी परत, आणि दुपारचं जेवण हायवेच्या हॉटेलात पनीर नाहीतर चिकन. म्हणजे जहाजाच्या प्रवाशाला आपण जो दोष देतो तोच इथे लहान होडीत घडतो. खाडीकाठच्या बाईच्या चुलीवर या सहलीतला एक रुपयाही जात नाही. पर्यटन विकास महामंडळाची ‘निवास व न्याहारी’ योजना कितीतरी वर्षांची आहे, महिला बचत गट गावोगाव आहेत. दोन्हींची गाठ होडीशी घालून देणारं कुणी नाही. होडीच्या तिकिटातच एका घरचं जेवण धरलं, आदल्या दिवशी माणसं किती ते कळवलं, आणि त्या दिवशी खाडीत जे मिळेल तेच ताटात वाढायचं असं ठरलं, तर फार मोठ्या भांडवलाची गरज नाही. श्रावणात अळू आणि पातोळ्या, थंडीत खाडीची मासळी, चैत्र-वैशाखात नीरफणसाची कापं, ओल्या काजूची उसळ, फणसाची सांदणं. मेनूकार्ड छापायचं नाही, कारण ते छापलं की बाराही महिने सुरमई द्यावी लागते आणि ती मग कुठून तरी बर्फात येते.

यावर तिसरा आक्षेप, सरकारी बैठकांत हमखास ऐकू येणारा: घरगुती जेवणांनी कितीसा रोजगार होणार, मोठी जेटी बांधा, मोठं जहाज आणा, पैसा आपोआप येईल. तो आपोआप येत नाही हे हवाईच्या उदाहरणावरून दिसतं. ज्या जहाजात जेवण, झोप आणि करमणूक तिकिटात धरली आहे त्याचा प्रवासी किनाऱ्यावर खर्च करायला उतरतच नाही, उतरला तर माळ आणि टोपी घेतो. शिवाय घाईने आणलेलं जहाज टिकेलच असं नाही. हवाईत 2007 मध्ये पर्यावरणाची तपासणी टाळून मोठी सुपरफेरी सुरू केली. काउआईच्या लोकांनी लाटांवर खेळायच्या फळ्यांवर बसून तिची वाट अडवली, न्यायालयाने तपासणी सक्तीची केली, आणि 2009 मध्ये ती बंद पडली. आपल्याकडे याउलट उदाहरण आहे: दाभोळ-धोपावे फेरीबोट 2003 पासून चालू आहे, तिने गाड्यांचा मोठा वळसा वाचवला, आणि ती टिकली कारण ती इथल्या लोकांच्या रोजच्या गरजेची होती. चिपळूणपर्यंत मोठं जहाज येण्याचा तर प्रश्नच उद्भवत नाही. खाडीत गाळ किती साचला आहे हे 22 जुलै 2021 च्या पुराने दाखवलं, आणि तो काढावा म्हणून चिपळूणकरांना त्या वर्षअखेरीस उपोषणाला बसावं लागलं.

सगळ्यात अवघड आक्षेप सुरक्षिततेचा आहे, आणि त्याला उडवून लावणारा माणूस कोकणातला असूच शकत नाही. 17 जुलै 1947 ला मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. 18 डिसेंबर 2024 ला घारापुरीकडे जाणाऱ्या ‘नीलकमल’ला नौदलाच्या वेगवान नौकेने धडक दिली तेव्हाही प्रवाशांच्या लाइफ जॅकेटचा मुद्दा पुन्हा चर्चेत आला. मोठ्या जहाजावर बचावाचे नियम काटेकोर पाळले जातात, लहान होडीत ‘काही होत नाही, बसा’ असं म्हटलं जातं, ही वस्तुस्थिती आहे. म्हणून लहान होडीची बाजू घेणाऱ्यानेच जास्त कडक व्हायला हवं. मेरीटाइम बोर्डाची नोंदणी नसलेली होडी नको, क्षमतेपेक्षा एकही माणूस जास्त नको, धक्क्यावरच लाइफ जॅकेट अंगात, पावसाळ्यात सहल बंद. मगरी असलेल्या पाण्यात तर मुलांनी हात बाहेर काढायचा नाही, इतकं साधं सांगणंही होडीवाल्याच्या कामाचा भाग हवा. श्रावणातलं अळू खायला होडी लागत नाही. तेव्हा रस्त्याने जावं.

पण होडी, जेटी, जेवण या सगळ्याच्या मुळाशी पुन्हा पाणीच आहे, आणि आपल्या गोष्टीतला खरा कस तिथे लागणार आहे. लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीचं प्रक्रिया केलेलं, किंवा प्रक्रिया केलेलं असायला हवं असं, सांडपाणी खाडीत जातं. मासे मरून तरंगल्याच्या तक्रारी दाभोळ खाडीतले मच्छीमार वर्षानुवर्षं करत आले आहेत, त्यासाठी संघर्ष समितीही उभी राहिली. एखाद्या दिवशी पाण्याचा रंग बदलला की त्या गावच्या जाळ्यात काही येत नाही, आणि बाजारात ‘खाडीची मासळी’ म्हटलं की गिऱ्हाईक आधी कुठल्या खाडीची ते विचारतं. या परिस्थितीत खाडीपर्यटनाचा आराखडा करून त्यात ‘स्थानिक खाद्यसंस्कृती’चा एक परिच्छेद घालणं म्हणजे ताटातली चमचाभर पोई. कारखाने बंद करा असं कुणी म्हणत नाही. हजारो घरं त्यांच्यावर चालतात. खाडीत सोडल्या जाणाऱ्या पाण्याच्या तपासणीचे आकडे दर आठवड्याला गोवळकोटच्या धक्क्यावर आणि खाडीकाठच्या प्रत्येक ग्रामपंचायतीत मराठीत लावा, एवढी मागणी तरी अवाजवी नाही. प्रवासी होडीत बसण्याआधी तो फलक वाचेल, आणि होडीवाला, जेवण देणारी बाई आणि मासेमार हे तिघंही त्या फलकाचे राखणदार होतील. पर्यटनाचा खाडीला उपयोग झालाच तर तो अशा वाटेने होईल.

तेव्हा सुट्टीचा बेत आखणाऱ्या कुटुंबांनी, मग ती हवाईला निघालेली असोत, लक्षद्वीपला की दाभोळला, तिकीट काढण्याआधी सहल कंपनीला तीन गोष्टी विचाराव्यात. बेटावर किंवा किनाऱ्यावर किती जेवणं आहेत, ती कुणाकडे आहेत, आणि त्या जेवणातलं काय त्याच ठिकाणी पिकतं किंवा पकडलं जातं. लक्षद्वीपला उतरायला परवाना लागतो, वेळ मोजका मिळतो, पण नारळ आणि तुना मासळीवर चालणारी ती बेटं आहेत. तिथे उतरून जहाजावरचं पावभाजीचं ताट खाण्यात काय मतलब? कंपनीला उत्तर देता आलं नाही तर ती सहल स्वस्त असली तरी घेऊ नये. आणि चिपळूण नगर परिषदेने, जिल्हा प्रशासनाने, पर्यटन महामंडळाने पुढच्या हंगामात गोवळकोटहून सुटणाऱ्या प्रत्येक परवानाधारक होडीच्या तिकिटात खाडीकाठच्या एका घरचं जेवण धरून दाखवावं. त्याला नवी जेटीही लागत नाही आणि नवं जहाजही.